नजरेची मोहर

टीव्हीवर एखादा मोठा नट हात जोडून उभा राहिला, त्याच्या मागं आजारी लेकरांचे फोटो सरकायला लागले आणि खाली पैसे पाठवायचा नंबर आला, की यमुना स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो, नंबर लिहून घ्या, जातोय बघा." मी लिहून घेत नसे. मला त्या नटाचा कोट दिसायचा. मी म्हणायचो, "ह्याच्या घरी कुत्र्याला वेगळी खोली असेल, आणि हा माझ्या पेन्शनीतून मागतो?" ती पिठाचे हात घेऊन दारात यायची. "तो काय स्वतःसाठी मागतोय?" "मग स्वतःच द्यावं की सगळं." "दिलं नसेल कशावरून?" इथं माझी गाडी अडायची, कारण दिलं नसेल कशावरून, हे मला कधीच सांगता आलं नाही. मी टीव्हीचा आवाज बंद करायचो. ती पदराला हात पुसायची, नातवाला घेऊन शेजारच्या खोलीत जायची आणि पाठवायचे तेवढे पाठवून यायची. मला ते कळलंय, हेही तिला कळलेलं असायचं. आमची पुष्कळ वर्षं अशी गेली.

ती गेली त्याला चाळीस दिवस झाले. तिच्यामागं तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी एकटाच टीव्हीपुढं बसलो होतो. एक म्हातारी नटी हृदयाला भोक असलेल्या पोरांसाठी मागत होती. केस तिनं पांढरे ठेवले होते, पण गळ्यातलं खरं असावं. मी सवयीनं दाराकडं बघितलं. दारात कोणी नव्हतं. मग आदूला, म्हणजे नातवाला, म्हटलं, "पाठव हिला." तो हसायला लागला. "आजोबा, सच में? तुम्ही तर म्हणायचे सब नाटक है." "पाठव म्हटलं ना. आजी पाठवायची तेवढेच पाठव." त्यानं पाठवले. त्या पोरांची दया येऊन दिले, असं मी छाती ठोकून म्हणणार नाही. यमुना असती तर दिले नसते, तिच्याशी भांडलो असतो. भांडायला कोणी उरलं नाही म्हणून दिले.

पण नट-नटीनं हात पुढं केला की माझा हात आखडतो, त्याला कारण आहे. ते मी एका यमुनेला सोडून कोणाला सांगितलं नव्हतं. मी पाचवीतून शाळा सोडलेला माणूस, जन्मभर मोटारींच्या वर्कशॉपात फिटर होतो, लिहायची मला सवय नाही. तरी लिहितो. चुकलं तर चुकलं.

मी पोरगा होतो तेव्हा आम्ही माधवगंजात, शहराच्या लष्कर म्हणतात त्या भागात, एका तांबटाच्या घरी माडीवर भाड्यानं राहायचो. दोन खोल्या आणि पुढं लाकडी सज्जा. खाली दिवसभर तांब्या-पितळेवर ठोके. आम्हाला त्यांची इतकी सवय, की ठोके थांबले की दचकायला व्हायचं. तांबट जेवायला बसला की सगळं एकदम गप्प, आणि आई म्हणायची, "बारा वाजले, पाटपाणी करा." आई पिठलं करायची ते इकडच्या रीतीनं हिंग सढळ टाकून, आणि सणाला मात्र सातारकडचं सगळं, जे तिनं स्वतः कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आमचे पणजोबा सातारकडून घोड्यावर बसून आले, असं आबा सांगायचे. घोडा गेला, जमीन गेली. आबांपर्यंत येताना पलटणीतली जमादारी उरली, आणि राज्य विलीन झाल्यावर पलटणच मोडली. आबा लाकडाच्या वखारीत चौकीदार झाले. तरी पहाटे बिगुल व्हायच्या वेळेला उठून, दाढी करून, सज्जात ताठ उभे राहायचे. बिगुल कुठला? खाली दूधवाल्याच्या सायकलीची घंटी वाजायची. आई आतून म्हणायची, "झाली का हजेरी? मग चहा घ्या."

आमच्या घरात सोनं म्हणून एकच जिन्नस होता, एक मोहर. तिची गोष्ट नीट सांगायला हवी. खंडेनवमीला आबा तलवार पुजायचे, त्या दिवशी मटण. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पुरणपोळी, आणि दुपारी दरबार. पणजोबांच्या वेळेपासून आमच्या घराला नजर द्यायचा मान होता. मोठ्या माणसापुढं रिकाम्या हातानं जायचं नाही, ही रीत. पांढऱ्या रुमालाची घडी दोन्ही तळहातांवर घ्यायची, तिच्यावर मोहर ठेवायची आणि सरकारांपुढं वाकून उभं राहायचं. बड्या सरदारांची नजर ठेवून घेत. आमच्यासारख्यांच्या मोहरेला सरकार नुसती दोन बोटं लावायचे आणि मान हलवायचे. झालं, नजर माफ. मोहर घेऊन घरी या. तीच मोहर पणजोबांनी दिली, आजोबांनी दिली, आबांनी दिली, आणि तिघांनीही परत आणली. आई ती आदल्या दिवशी रिठ्याच्या पाण्यात धुवायची आणि हसायची. "तीन पिढ्या राजाला सोनं देताहेत, आणि सोनं माझ्या डब्यात."

राज्य गेलं, आधी मध्यभारत झाला, मग त्याचाही मध्य प्रदेश व्हायची बोलणी सुरू झाली. दरबार नावापुरता उरला आणि आमच्यासारख्यांना बोलावणं येईनासं झालं. दोन दसरे आबांनी मोहर धुवून, रुमालाची घडी करून ठेवली आणि संध्याकाळी परत डब्यात टाकली. आईनं मग विषय काढला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी बहीण वत्सू, तिचं लग्न ठरत होतं. पवारांचा मुलगा, कचेरीत कारकून. माणसं चांगली होती. हुंडा नको म्हणाले, फक्त मुलीच्या गळ्यात एक वज्रटीक घाला, नाहीतर भावकीत आम्हाला तोंड दाखवता येणार नाही. वज्रटीक त्या मोहरेतून व्हायची होती. आबा नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "लेकीच्या गळ्यात गेली तर सरकारांकडंच गेली म्हणायची." घाई एवढीच, की राजधानी भोपाळला जाणार होती आणि कचेऱ्यांची कपाटं, फायली, कारकून सगळं हलणार होतं. मुलाला जायचा हुकूम निघायच्या आत लग्न करायचं होतं. तो मुलगा पँटीला क्लिपा लावून सायकलवरून एकदाच आमच्याकडं आला. ताईनं त्याला पोहे दिले. त्यानं तिला विचारलं, "पोहायला येतं का? भोपाळला मोठा तलाव आहे." ताई खाली मान घालून म्हणाली, "शिकेन." त्या दिवसापासून तिला तलावाचं वेड लागलं. भांडी घासता घासता मला विचारायची, "दत्त्या, तलाव केवढा असेल रे? बाड्याच्या चौकाएवढा?" मी म्हणायचो, "बाड्याच्या दहापट." मी कुठं पाहिला होता!

आणि त्याच दिवसांत ती नटी आली. नाव लिहीत नाही, तिची नातवंडं असतील. पूर्वेकडं कुठं मोठा पूर आला होता, गावंच्या गावं वाहून गेली होती, आणि सिनेमातले लोक शहरोशहर ट्रकवरून फिरून मदत गोळा करत होते. टांग्यावर भोंगा लावून दोन दिवस पुकारा चालला होता. तिचा राणीचा सिनेमा मी सगळ्यात पुढच्या बाकावरून चार वेळा बघितला होता. मी सतरा वर्षांचा. ती आमच्या गावात येणार, ह्या नुसत्या कल्पनेनं मला जेवण जात नव्हतं. मी आबांच्या मागं लागलो. "चला ना आबा, सगळं लष्कर लोटणार आहे." आबांनी उभ्या जन्मात सिनेमा बघितला नव्हता. म्हणाले, "कोण आहे ती?" म्हटलं, "फार मोठी आहे. राणीचं काम करते." "आणि बोलावते कशाला?" "पुरात बुडालेल्यांसाठी मागते." आबा उठले, दाढी केली, पेटीतून अंगरखा काढला, दरबाराची पगडी काढली, आईचा डबा काढला. आई महादेवाला गेली होती. मी बघत होतो. मला कळायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात निराळंच. बाकीचे लोक चार-आठ आणे टाकतील, आणि आमचे आबा पगडी घालून मोहर पुढं करतील. ती बघेल. त्यांच्या शेजारी मीही दिसेन.

बाड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. ताशे वाजत होते. ट्रकचं फळकं पाडून मंच केलेला, खाली चार पोरांनी चार कोपरे धरून चादर पसरलेली, आणि लोक लांबूनच पैसे फेकत होते. बायका हातातल्या बांगड्या काढून देत होत्या. एक हमाल आला, त्यानं डोक्यावरची चुंबळ सोडली, तिच्यात गाठ मारलेलं नाणं होतं, ते टाकलं आणि तसाच गेला. ती वर उभी, पांढरी साडी, काळा चष्मा. आबांनी फेकलं नाही. ते फळकुटाच्या पायऱ्या चढून वर गेले आणि तीन पावलांवर थांबले. रुमालाची घडी, घडीवर मोहर. दोन्ही हात पुढं करून वाकले. जुनी माणसं गप्प झाली. मला माझ्यामागच्या म्हाताऱ्याचं बोलणं ऐकू आलं, "वाह जमादार." तिनं चष्मा काढला. क्षणभर ती बिचारी गोंधळली असावी. मग तिनं रुमालासकट मोहर उचलली, उंच धरली आणि भोंग्यात म्हणाली, "देखिए, इन बुज़ुर्ग ने सोना दिया है!" काय टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या. आणि टाळ्या वाजवता वाजवता बघितलं, तर आबा अजून वाकलेलेच होते. रिकामे तळहात तसेच पुढं. ते परत मिळायची वाट बघत होते. कोणीतरी गळ्यात झेंडूची माळ घातली, एका पोरानं कोपराला धरलं, "चलो बाबा, आगे बढ़ो, पीछे लाइन है." आबा उलट पावलांनी खाली उतरले, पाठ न दाखवता, दरबारात उतरत तसेच.

घरी आलो. आईनं माळ बघितली, पगडी बघितली, आणि डब्याकडं धावली. मग जे झालं ते खालच्या तांबटालाही ऐकू गेलं असणार, कारण त्याचे ठोके थांबले.

"दिलं ते दिलं," आबा म्हणाले. "हात मी पुढं केला होता."

"तुम्ही दिलं कुठं? तुम्ही नुसतं दाखवलं!" आई म्हणाली. "तिला काय माहीत आपल्या रीती? आणि तिच्या कानात हिरे होते की नाही? दत्त्या, होते की नव्हते?"

"होते," मी म्हणालो.

"बघा! एक कान विकला असता तर अख्खं गाव जेवलं असतं. आमच्याच पोरीचा गळा सापडला होता तिला?"

आबा पगडीची घडी नीट बसवत होते. "बुडालेल्या माणसाला तिच्या कानांशी काय करायचंय? त्याला भाकर पोचली म्हणजे झालं."

"पोचेल कशावरून?"

"आणि नाही पोचणार कशावरून?"

टीव्हीपुढं यमुना आणि मी पुढं जन्मभर जे भांडलो, ते भांडण माझ्या आईबापानं त्या दिवशी भांडून ठेवलं होतं. दोघंही आपापल्या जागी खरे होते आणि मला आजतागायत कोणाच्या बाजूला जावं ते कळलेलं नाही. ताई परातीत कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही. कणीक केव्हाच मळून झाली होती, तरी मळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा वखारीत गेल्यावर आईनं मला जवळ बोलावलं. पायांतले चांदीचे तोडे काढून रुमालात बांधले. "ते लोक स्टेशनाजवळ पडावावरच्या होटेलात उतरलेत, संध्याकाळच्या गाडीनं जातील. जा, तिला सरळ सांग. म्हणावं, आमच्याकडं नजर बोट लावून परत देतात, आमच्या माणसाची चूक झाली. मोहर पोरीच्या लग्नाची आहे. तिच्या बदल्यात हे तोडे घ्या, पूरवाल्यांचंही बुडायला नको. आणि आबांना कळू देऊ नकोस." ताई दारापर्यंत आली. माझ्या सदऱ्याची वरची गुंडी लावली.

होटेलाखाली तोबा गर्दी. मी चौकीदाराला तोडे दाखवले, "दान द्यायला आलोय" म्हटलं. त्यानं वर सोडलं. वर एका खोलीचं दार उघडं होतं. ती पलंगाच्या काठावर बसली होती, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. टाचा सुजून लाल झालेल्या. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले, अंगावर साधं लुगडं. तिची आई असावी ती बाई शेजारी संत्रं सोलत होती आणि तिच्यावर पुटपुटत होती, की अजून किती शहरं आहेत, मरशील अशानं. कोपऱ्यात तीच चादर, गाठोडं बांधलेली. गाठीतून आमच्या रुमालाचं टोक बाहेर आलेलं. चार हातांवर. मी ते डोळ्यांनी बघितलं, हे इथं लिहून ठेवतो.

ती म्हणाली, "आओ भैया. इतनी धूप में आए हो, बैठो." मला तोवर कोणी 'बैठो' म्हटलं नव्हतं. मी उभाच राहिलो. सांगायचं सगळं पाठ होतं. पण माझ्या मनात आलं, हे सांगितलं की हिला कळेल, कालचा पगडीवाला माझा बाप आहे. त्यानं दिलंच नव्हतं. त्या टाळ्या फुकट होत्या. काल जो मोठा दिसला तो आज पोराला धाडून परत मागतोय. मला आबांची लाज वाटली, आणि त्याहून माझी. तिनं परत विचारलं, "कहो, क्या बात है?"

मी म्हणालो, "कुछ नहीं. दर्शन करने आए थे."

तिची आई हसली. त्यांच्यातला एक माणूस दाराशी उभा होता, तो माझ्या हातातल्या रुमालाकडं बघून म्हणाला, "और ये?" मी म्हटलं, "ये तो सुनार के यहाँ ले जा रहा हूँ, टूट गए हैं." तिनं अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. मी जिना उतरता उतरता ते खाल्लं. गोड होतं.

घरी येऊन सांगितलं, गाठोडं रात्रीच्याच गाडीनं मुंबईला गेलं. आईनं तोडे पायांत चढवले आणि म्हणाली, "जाऊ दे. तू तरी काय करणार!" ताईनं विचारलं, "खरंच गेलं?" मी म्हटलं, "खरंच." तिनं माझ्याकडं नाही, आतल्या खोलीत पगडीच्या पेटीकडं बघितलं.

पवार थोडे दिवस थांबले. वाईट शब्द एकही बोलले नाहीत, निरोप पाठवला, पुढं बघू. मग एक दिवस कचेरीपुढं ट्रक लागले. कपाटं चढताना बघायला अर्धं लष्कर उभं होतं. आपलं काय काय चाललंय ते लोकांना नीट कळत नव्हतं, पण बघत होते. ताई तिकडं गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शहराच्या पलीकडच्या टोकाला गिरण्यांची वस्ती, हजीरा, तिथल्या जाधवांकडून साटंलोटं आलं. त्यांचा मुलगा गिरणीत मागावर, त्याला आमची ताई, आणि त्यांची मुलगी मला. सोनं इकडूनही नाही, तिकडूनही नाही. एकाच मांडवात दोन लग्नं लागली. मी लग्नाला उभा राहिलो तो मान खाली घालून, आणि अंतरपाट दूर झाल्यावर वर बघितलं. समोर यमुना होती. हार घालताना तिचा हात पोचेना, तर ती सगळ्यांदेखत म्हणाली, "वाका की जरा." मी वाकलो, मग हसलो, आणि नंतर दिवसभर माझं हसू थांबलं नाही. शेजारी माझी बहीण उभी होती. तिचा चेहरा त्या दिवशी कसा होता, ते मला आज कितीही आठवलं तरी आठवत नाही. मी बघितलाच नव्हता.

ताईचा नवरा माणूस वाईट नव्हता. मागांच्या आवाजानं कान गेले होते. ताई माहेरी यायची ती कामापुरती, आईशी बोलायची, आबांपुढं चहा ठेवून लगेच आत जायची. आबा म्हणायचे, "वत्सूला म्हणावं, हजीरा काही विलायतेत नाही." ती ऐकायची आणि चप्पल घालायची. आम्हाला वाटायचं, संसाराच्या कामानं थकते.

यमुनेला मी लग्नानंतर वर्षाच्या आत सगळं सांगितलं. आम्ही सज्जात मटार सोलत होतो. "दर्शन करने आए थे" म्हणताना मी तसाच चेहरा केला, आणि ती हसता हसता मागं कलंडली. मग एकाएकी थांबली. म्हणाली, "म्हणजे मी वन्सांच्या सोन्यावर आले." मी म्हटलं, "असं कशाला बोलतेस?" ती म्हणाली, "वन्सांना सांगा." म्हटलं, "सांगेन." त्यानंतर प्रत्येक भाऊबीजेला, ताई ओवाळून गेली की, यमुना ताट उचलता उचलता विचारायची, "सांगितलंत?" मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. स्वतः ती कधी बोलली नाही. म्हणायची, ते तुमचं आहे. आणि टीव्हीवाल्यांना पैसे पाठवून आली की कधीकधी माझ्याजवळ बसून म्हणायची, "आपलं लग्नच दानात जमलंय हो. थोडं फेडू नये का?" मी म्हणायचो, "तुझी फेड त्या नटांच्या गाडीत पेट्रोल म्हणून जाते." ती म्हणायची, "जाऊ दे. थोडं तरी पोचत असेल." आता मला वाटतं, तिच्या शेजारी बसून एकदा तरी नंबर लिहून घ्यायला काय हरकत होती!

दहा दिवसांपूर्वी यमुनेच्या महिन्याच्या जेवणाला ताई आली. वय माझ्याहून दोनच वर्षं जास्त, पण कमरेत वाकली आहे. नवऱ्याला ऐकू जावं म्हणून जन्मभर ओरडून बोलली, तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी आवाज तसाच, गल्लीला ऐकू जाईल असा. पानं उठल्यावर आदू तिला म्हणाला, "आत्याआजी, माहीत आहे का? आजोबांनी टीव्हीवाल्या हीरोइनला पैसे दिले! आजी असताना तर रोज़ लड़ते थे."

"ह्यानं?" ताई ओरडली. "अगं बाई, आबांवर गेलास की शेवटी! नटी दिसली की घरातलं काढून दिलं!"

सगळे हसले. तिची सून हसली, माझा मुलगा हसला. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "आबांना बोलू नकोस, ताई."

"का? खोटं आहे?"

"मोहर परत मिळत होती. मी आणली नाही."

तिला वाटलं मी म्हातारपणी बरळतोय. मग मी सगळं सांगितलं, होटेल, घमेलं, गाठोडं, गाठीतून बाहेर आलेला रुमाल. संत्रंसुद्धा सांगितलं. सून उठून आत गेली. आदूनं मोबाइल खाली ठेवला. ताईनं मधे थांबवून विचारलं, "गाठोडं तू स्वतः बघितलंस?" म्हटलं, "हो." "आणि तिला काय म्हणालास?" मी सांगितलं, काय म्हणालो ते.

मला वाटलं, ती आता थोबाडीत मारेल. तो तिचा हक्क होता. ती पदराचं टोक गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट करत बसली. मग बोलली ते इतक्या हळू, की मला पुढं झुकावं लागलं. लग्नाआधीचा तिचा आवाज मी विसरून गेलो होतो.

"तलावाचं काही नाही रे, दत्तू. तलाव मी नंतर बघितला, सुनेबरोबर. पाणीच आहे." तिनं पदराचं टोक परत सपाट केलं. "आबांच्या शेवटच्या दिवशी सकाळीच निरोप आला होता, बोलावताहेत म्हणून. मी धुणं काढलं. मुद्दाम काढलं. म्हटलं, ह्या माणसाला लेकीपेक्षा टाळ्या प्याऱ्या, थांबू दे जरा. मी आले तेव्हा त्यांना खाली घेतलेलं होतं."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. 

"यमुनेला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"लग्नापासून."

"हं," ताई म्हणाली. "तिनं तुला सांग म्हटलं असेल."

"दर वर्षी."

तिचा मुलगा स्कूटर घेऊन आला, तो खालून हॉर्न वाजवायला लागला. ती उठली. मी हात दिला, तो तिनं धरला नाही आणि झटकलाही नाही, भिंतीला धरून पायऱ्या उतरली. मी वरून बघत राहिलो. तिनं मागं वळून बघितलं नाही.

स्कूटरचा आवाज गल्लीतून गेल्यावर मी आत आलो. स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो आणि म्हटलं, "सांगितलं एकदाचं."

आदूनं मान वर केली. "किसको बोल रहे हो, आजोबा?"